गुलछडी: फुलातून अत्तरात, सोलापूरच्या उन्हात

गुलछडीचा वास काढायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी फुले पाण्यात घालून उकळत ठेवतात, आणि अर्ध्या तासात घरभर शिजलेल्या पालेभाजीचा वास सुटतो. गुलाब भट्टीवर चढतो, केवडाही चढतो. कनौजच्या पद्धतीच्या देग-भपक्यात (तांब्याचे हंडे आणि वाफ झेलणारे पात्र) हीच फुले पिढ्यान् पिढ्या उतरवली जातात. गुलछडीला ती उष्णता सोसत नाही. तिचे नाजूक घटक आचेने मोडतात आणि जड घटक वाफेबरोबर नीट वर येत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे फूल तोडल्यावरही दीड-दोन दिवस वास बनवत राहते. तोडताना पाकळीत जेवढा साठा असतो, त्याहून कितीतरी जास्त वास ते पुढच्या दोन रात्रींत सोडते. म्हणून फूल मारायचे नाही, जिवंत ठेवायचे आणि ते जे सोडेल ते थंड, घट्ट चरबीत झेलायचे. फ्रान्समधल्या ग्रास गावी ही रीत आन्फ्लराज नावाने चालायची आणि तिथे मुख्यतः दोनच फुलांसाठी ती टिकून राहिली, चमेली आणि गुलछडी. आज तमिळनाडू-कर्नाटकातले कारखाने हेक्झेन या द्रावकाने अर्क काढतात. घरात हेक्झेन आणायचे नाही. त्याची वाफ ठिणगीने पेटते आणि मज्जातंतूंनाही वाईट.

आन्फ्लराजला सोलापुरात अडचण एकच, पण ती दांडगी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि घट्ट चरबी दुपारी दोनला आमटीसारखी पातळ होते. पुढचे सगळे या एका गोष्टीभोवती बेतलेले आहे.

आधी नाक तयार करा

संध्याकाळी सहाला अर्धवट उमललेले एक फूल घ्या आणि हुंगा. पहिल्यांदा हिरवट, थोडा थंड वास येतो. मुका मार लागल्यावर चोळतात त्या मलमाची आठवण करून देणारा. हा मेथिल सॅलिसिलेट, त्याच्या जोडीला मेथिल बेंझोएट. तेच फूल रात्री दहाला हुंगा. थंडपणा मागे जातो, लोणी आणि ओल्या खोबऱ्याचा स्निग्ध गोडवा पुढे येतो, ते लॅक्टोन. त्याखाली डांबरगोळीची पुसट छटा असते, ती इंडोलची. एकटे इंडोल नको वाटते, पण ते काढून टाकले की फूल साबणाच्या वडीसारखे सपाट होते.

बाजारातल्या बऱ्याच 'निशिगंध' अत्तरांत फक्त गोडवा असतो, मलम आणि डांबरगोळी दोन्ही गायब. त्यामुळेच ती खोटी वाटतात.

फुले

वासासाठी सिंगल म्हणजे एकेरी पाकळीचीच गुलछडी हवी. डबल फुले गुच्छात आणि मंडपात शोभतात, वासाला कमी. लावायची असेल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी किंवा बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या शृंगार आणि प्रज्वल या सिंगल जाती चांगल्या. मूळ मेक्सिकोचे हे झाड आपल्या बांधावरच्या घायपाताच्या भावकीतले, त्यामुळे ऊन सोसते. साचलेले पाणी मात्र सोसत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत कंद कुजतात ते यामुळेच. कुंडीत दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेले शेणखत घ्या. बारा इंची कुंडीत तीन-चार कंद, पाचेक सेंटिमीटर खोल, एप्रिल-मेमध्ये. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडे येतात.

कुंड्या कमी पडतात, हे आधीच सांगतो. एका घाण्याला, म्हणजे चरबीवर फुले एकदा मांडायला, शंभर ग्रॅम फुले लागतात, म्हणजे साधारण तेवढीच फुले मोजून, आणि असे दहा घाणे. विकतची घ्यायची तर सुटी गुलछडी किलोवर मिळते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे माल जातो आणि संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या आठवड्यांत भाव चढलेले असतात, तेव्हा घाणे लावू नका.

बाजारच्या फुलांत दोन खोड्या असतात. एक पाणी: ताजी दिसावीत म्हणून ओल्या पोत्यात ठेवून वर शिंपडलेले असते. दुसरी फवारणी: फुलकिड्यांसाठी मारलेली बरीचशी कीटकनाशके तेलात विरघळतात, म्हणजे वासाबरोबर तीही चरबीत उतरतात आणि मग तुमच्या मनगटावर. ओळखीच्या शेतकऱ्याला गाठा, फवारणी कधी झाली ते विचारा आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, उमलण्याच्या बेतात असलेल्या कळ्या तोडून घ्या. हा खटाटोप जमत नसेल तर तयार पोमेड, म्हणजे वास ओढलेली चरबी, अंगाला लावू नका, नाक तयार करण्यापुरतेच वापरा.

कोणती चरबी

ग्रासमध्ये डुकराची आणि गाईची चरबी वापरत. आपल्याकडे रिफाइंड, वास काढलेले खोबरेल तेल आणि कोकमतेल यांची जोडी उत्तम जमते. घाण्याचे खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास फुलाला गिळतो. कोकमतेल म्हणजे टाचेच्या भेगांना लावतात ते मुठेल. तेही रिफाइंड केलेले, फिकट पांढरे घ्या. खोबरेल 24 अंशांच्या आसपास वितळते, कोकमतेल 38 ते 40 ला. मात्र दोन स्निग्ध पदार्थ मिसळले की मिश्रण हिशेबापेक्षा मऊ निघते, म्हणून आकड्यावर विसंबू नका.

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात खोबरेल 180 ग्रॅम, कोकमतेल 120 ग्रॅम. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रमाण उलटे करा. चमचाभर मिश्रण वितळवून स्टीलच्या ताटलीत थापा आणि ज्या खोलीत काम करायचे तिथे चोवीस तास ठेवा. दुपारी तीनला बोट दाबल्यावर खूण उमटली पाहिजे, पण ताटली उभी धरल्यावर थर सरकता कामा नये. सरकला तर कोकमतेल 20 ग्रॅमने वाढवा. बोटाची खूणच उमटली नाही तर थर फार कडक आहे. कडक चरबी वास उशिरा ओढते, तेव्हा खोबरेल वाढवा. मार्च ते जूनमध्यापर्यंत कोणतेच प्रमाण उपयोगी पडत नाही. त्या काळात एसीच्या खोलीतच काम करा, नाहीतर थांबा.

प्रमाण ठरले की चरबी धुवायची. 300 ग्रॅम मिश्रण पातेल्यात, पातेले गरम पाण्यात. वितळल्यावर त्यात 600 मिलि कोमट पाणी आणि 3 ग्रॅम तुरटीची पूड घालून दहा मिनिटे रवीने हलकेच घुसळा. पातेले थंड करून फ्रीजमध्ये ठेवा. वर चकती धरते. ती उचला, खालच्या बाजूचा मळकट थर सुरीने खरवडा. साध्या पाण्याने हेच आणखी दोनदा. शेवटी चकती मंद आचेवर वितळवून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. बुडबुडा म्हणजे पाणी, आणि आत राहिलेले पाणी आठव्या-दहाव्या दिवशी बुरशी होऊन वर येते. मलमलीतून गाळा. टॉवेलचे कापड वापरू नका. सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला तरी त्याची लव चरबीत उतरते. गाळलेली चरबी कोमट असताना 1 ग्रॅम ई जीवनसत्त्वाचे तेल मिसळा, खवटपणा लांबतो.

तबके आणि घाणे

साधारण 20 बाय 25 सेंटिमीटरच्या, सारख्या मापाच्या दोन काचेच्या बेकिंग डिश घ्या. प्लास्टिक नको, ते वास पिते आणि परतही देते. प्रत्येकीत 150 ग्रॅम चरबी ओता. सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास थर बसतो. गोठल्यावर काट्याच्या चमच्याने आडव्या-उभ्या रेघा मारा. शेतात सऱ्या पाडल्यासारखे दिसेल. पृष्ठभाग वाढतो आणि ओढ वाढते.

फुले आधी सुती कापडावर एक थर पसरून पंख्याखाली वीस मिनिटे. पाकळीला बोट लावल्यावर ओल जाणवता कामा नये. डागाळलेली, चिरडलेली, किडे असलेली बाजूला काढा. मग एकेक फूल तोंड खाली करून, न दाबता, खालच्या डिशमधल्या चरबीवर टेकवा. एकावर एक चढवू नका. दुसरी डिश वर उपडी ठेवा, म्हणजे खालून निसटलेला वास वरची चरबी झेलते. कडेने स्वयंपाकाची पातळ फिल्म गुंडाळा.

ही जोडी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, एका कोपऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली कापडात गुंडाळून. सकाळ, दुपार, रात्र बाटली बदला. खोक्यात 22 ते 25 अंश हवेत. पन्नास-शंभर रुपयांचा तापमापक आत टाकून ठेवा. फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होतो, तो टाळा. गारठलेले फूल वास बनवणे कमी करते, आणि फ्रीजमधली शेंगाचटणी व लसूण चरबी तितक्याच तत्परतेने ओढते. स्वयंपाकघरही नको. कूलरच्या झोतात तर अजिबात नको; त्याची दमट हवा तबकात घाम धरवते.

36 ते 48 तासांनी फुले काढायची. मोगऱ्याला एक दिवस पुरे, गुलछडीला दोन. चिमट्याने देठाकडून उचला, पाकळीला चिकटलेली चरबी सुरीच्या पाठीने परत डिशमध्ये निपटा. पाकळीची टोके तपकिरी दिसू लागली की 48 तास झाले नसले तरी काढा. तपकिरी पाकळी कुजक्या कडब्याचा वास देते आणि तो नंतर कशानेही जात नाही. काचेवर थेंब साचले असतील तर टिपकागदाने टिपा, पुसू नका. चरबीला पुन्हा रेघा मारा, डिशची अदलाबदल करा म्हणजे वरची खाली येईल, आणि नवीन फुले.

दोन-तीन घाण्यांनंतर चरबीला फक्त हिरवट वास येतो आणि लोक इथेच कंटाळून सोडतात. पाचव्या-सहाव्याला लोणी-खोबरे दिसू लागते. दहा घाणे म्हणजे वीस दिवस आणि एक किलो फुले. मधल्या काळात सलग घाणे जमले नाहीत तर डिश फिल्मने घट्ट बंद करून थंड जागी ठेवता येतात. पांढरी-हिरवी ठिपकी दिसली तर तेवढा भाग सेंटिमीटरभर भोवतालासकट काढून टाका. ठिपकी दुसऱ्यांदा आली तर सगळे फेका. बुरशी लागलेले पोमेड गाळून वापरण्यात शहाणपण नाही. जुन्या फरसाणासारखा वास आला तर चरबी खवट झाली, त्यालाही उपाय नाही.

स्पिरिट असेल तर

तयार झालेल्या चरबीला पोमेड म्हणतात. त्यातला वास अल्कोहोलमध्ये उतरवता येतो, पण महाराष्ट्रात शुद्ध इथाइल अल्कोहोल परवान्याशिवाय घेता येत नाही. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने, त्यांच्या डिस्टिलऱ्यांत स्पिरिट टँकरने भरते, आणि अत्तर करणाऱ्याला अर्धा लिटर मिळवताना घाम फुटतो! अत्तरासाठी विकृत (पिण्यास अयोग्य) केलेले अल्कोहोल विक्रेत्याकडून बिलासह घ्या आणि किती बाळगता येते ते राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून ठेवा. पॉलिश कामाचे मिथिलेटेड स्पिरिट किंवा थिनर वापरू नका. त्यातले मिथेनॉल विषारी आहे. आयसोप्रोपिलचा दवाखानी वास फुलावर मात करतो.

पोमेड 300 ग्रॅम, 95 टक्के अल्कोहोल 300 मिलि, काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत. पोमेड आधी मऊ लोण्यासारखे करून घ्या, ढेकळे राहिली तर आतला वास आतच राहतो. दिवसातून तीन-चार वेळा दोन मिनिटे जोरात हलवा, असे तीन दिवस. वरचे अल्कोहोल ओतून घ्या, बरणी घट्ट बंद करून चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवा. विरघळलेली चरबी कापसासारखी खाली बसते. गार असतानाच कॉफीच्या गाळणकागदातून गाळा. वेळ लागतो, पण कोमट झाले की चरबी पुन्हा विरघळते, म्हणून थोडे थोडे काढून गाळा. हे दोनदा-तीनदा. मग कागदावर एक थेंब सुकू द्या. तेलकट वर्तुळ राहिले तर आणखी एकदा. राहिलेल्या पोमेडला 150 मिलि नव्या अल्कोहोलने दुसरा हात द्या, तो वेगळा ठेवा. झाकण सैल असलेली अल्कोहोलची बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका आणि गाळताना जवळपास गॅस, उदबत्ती काही नको.

स्पिरिट नसेल तर

मग घट्ट अत्तर करा. सोलापूरच्या हवेत ते स्प्रेपेक्षा जास्त वेळ टिकते, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी हाच मार्ग बरा. पोमेड 35 ग्रॅम, मधमाश्यांचे मेण 10 ग्रॅम, फ्रॅक्शनेटेड (थंडीतही न गोठणारे) खोबरेल 5 ग्रॅम. मेण आणि तेल गरम पाण्यावर एकत्र वितळवा. दुसऱ्या वाटीत पोमेड कोमट पाण्यावर जेमतेम पातळ करा, बोटाला सोसेल इतपतच. मेणाचे मिश्रण कडेने पांढुरके होऊ लागले की पोमेड एका धारेत ओतून भराभर ढवळा आणि लगेच डब्यांत भरा. पोमेड गार असेल तर मेणाचे दाणे धरतात. मेण फार गरम असेल तर वरची हिरवट छटा उडून जाते. दाणे धरले तर पुन्हा वितळवून सुधारता येतात, उडालेली छटा परत येत नाही. म्हणून चुकायचेच असेल तर गारेकडे चुका.

वासाची नोट बांधताना

घरचे धावन, म्हणजे पोमेडमधून वास उतरवून गाळलेले अल्कोहोल, मृदू असते. अत्तरात ते ठळक दिसण्यासाठी बरोबर सुट्या घटकांचा एक पाया लागतो. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटकडे हे घटक छोट्या बाटल्यांत मिळतात. 10 ग्रॅम पायासाठी:

हेडिओन 2.5 ग्रॅम
बेंझिल सॅलिसिलेट 2.0
बेंझिल अ‍ॅसिटेट 1.0
फिनाइल इथाइल अल्कोहोल 1.0
लिनालूल 0.6
इलँग-इलँग तेल 0.4
मेथिल अँथ्रानिलेट 0.2
गॅमा नोनालॅक्टोन 0.15
गॅमा डेकालॅक्टोन 0.1
मेथिल सॅलिसिलेट, दहा टक्क्यांचे द्रावण 0.5
मेथिल बेंझोएट, दहा टक्क्यांचे द्रावण 0.5
यूजेनॉल, दहा टक्क्यांचे द्रावण 0.5
इंडोल, दहा टक्क्यांचे द्रावण 0.3
डायप्रोपिलीन ग्लायकोल 0.25

द्रावणे डायप्रोपिलीन ग्लायकोलमध्येच करा. एक ग्रॅम घटक, नऊ ग्रॅम ग्लायकोल. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर 0.05 ग्रॅम शुद्ध घटक मोजायला गेलात तर एका थेंबात प्रमाण दीडपट होते, म्हणून हा उपद्व्याप. इंडोलचे खडे मिसळायच्या भांड्यात सरळ टाकू नका. ते उशिरा विरघळतात आणि तोवर तुम्ही आणखी टाकलेले असतात. पंखा बंद ठेवून मोजा, नाहीतर काट्यावरचा शेवटचा आकडा नाचत राहतो.

हेडिओन इथे सर्वांत जास्त का? तो स्वतः फार बोलत नाही, पण फुलाला हवा देतो, बाकीचे त्याच्यावर पसरतात. 1966 च्या 'ओ सोवाज' या फ्रेंच अत्तराने तो नावारूपाला आणला. बेंझिल सॅलिसिलेटही असाच मूक. त्याचे काम वास धरून ठेवायचे.

पाया दोन दिवस मुरू द्या, मग कागदाच्या पट्टीवर पाच मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी हुंगा. हे काम सकाळी सातच्या आत करा. भर दुपारच्या खोलीत वरचे घटक मिनिटात उडतात आणि मिश्रण आहे त्यापेक्षा जड वाटते, मग माणूस उगाच लिनालूल वाढवत बसतो.

मलमाचा वास पुढे आला तर मेथिल सॅलिसिलेट निम्मे करा, मेथिल बेंझोएटला हात लावू नका. खोबऱ्याची बर्फी वाटू लागली तर नोनालॅक्टोन 0.08 वर आणा. द्राक्षाच्या गोळीचा वास हा मेथिल अँथ्रानिलेटचा. नान्नजच्या द्राक्षांना तो नसतो, गोळ्या-सरबतांना असतो. तो 0.12 पर्यंत उतरवा. डांबरगोळी पहिल्या दिवशी जास्त वाटली तर घाई करू नका. इंडोल आठवड्याभरात बाकीच्यांत मिसळते. आठ दिवसांनीही टोचत असेल तरच कमी करा. मिश्रण हळूहळू पिवळे-तांबूस होईल, ते अँथ्रानिलेट आणि इंडोलमुळे, बिघाड नाही.

आता जोडणी. 30 ग्रॅमच्या बाटलीत 3 ग्रॅम पाया आणि 27 ग्रॅम पहिल्या हाताचे धावन. साध्या अल्कोहोलऐवजी धावनच वाहक म्हणून वापरल्याने खऱ्या फुलाची लोण्यासारखी छटा पायाच्या कोरड्या कडा झाकते. पाया 15 टक्क्यांपुढे नेऊ नका. त्वचेच्या दृष्टीने ते नको आणि नाकालाही गर्दी होते. घट्ट अत्तरात 50 ग्रॅमला 2 ग्रॅम पाया पुरतो, तो पोमेडमध्ये आधी ढवळून घ्या. चंदनाची साथ हवी असेल तर चांगल्या प्रतीच्या तेलाचे 30 ग्रॅमला चार-पाच थेंब. गुलाब जपून, तो लगेच यजमान होऊन बसतो. मोगरा शक्यतो नको. दोन्हींत इंडोल असल्याने बेरीज डांबरगोळीकडे जाते.

बाटली गडद काचेची, गळ्यापर्यंत भरलेली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात महिनाभर. गच्चीखालच्या खोलीत नको. मे महिन्यात तिथल्या भिंतीही रात्रभर तापलेल्या असतात. वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांबा. आणि पांढऱ्या कपड्यावर मारू नका, अँथ्रानिलेटचा पिवळा डाग धुण्यात जात नाही.